पहारेकरी पेशींचें व्याकरण

एकदां गोवर येऊन गेलेल्या मुलाला तो पुन्हां सहसा येत नाहीं, ही गोष्ट आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना शास्त्रज्ञांच्या पुष्कळ आधीं ठाऊक होती. गोवर निघालेल्या मुलाजवळ बसावयाचें तर ज्याला तो येऊन गेला आहे अशानेंच बसावें, हा नियम कित्येक घरांत कोणत्याही ग्रंथाचा आधार न शोधतां पाळला जात असे. परंतु त्याच मुलाला पुढें कांजिण्या यावयाच्या मात्र चुकत नसत. म्हणजे देहानें जी ओळख मनांत धरली ती एका शत्रूपुरतीच. दुसऱ्या शत्रूचा धडा त्याला निराळा गिरवावा लागला.

ही ओळख देहांत कोठें असते, हा प्रश्न दिसावयास सोपा असला तरी त्याच्या पोटीं एक मोठें कोडें आहे. २०१९ सालच्या अखेरीस जो नवा कोरोना विषाणु मनुष्यांत प्रथम आढळला, तो आपल्या आजा-पणजांपैकीं कोणींही पाहिलेला नव्हता. तरीही ज्यांना तो झाला त्यांतील बहुतेकांच्या रक्तांत थोड्याच आठवड्यांत नेमक्या त्याच विषाणूला धरणारे प्रतिपिंड तयार झाले. बरें, मनुष्याच्या पेशींत प्रथिनें घडविण्याचे आदेश देणारीं जनुकें आहेत तीं सारीं मिळून सुमारें २०,०००. हृदय, मेंदू, हाडें, केंस, पचन ह्या सर्वांचा संसार एवढ्यांतच चालवावयाचा. मग कोट्यवधि संभाव्य शत्रूंसाठीं प्रत्येकीं एक जनुक राखून ठेवावयाचें म्हटलें तर तीं आणावीं कोठून?

ह्या कोड्याचा उलगडा गेल्या पन्नास वर्षांत झाला. ज्याचा जन्म शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेला अशा माझ्यासारख्या माणसाला त्याचें विशेष कौतुक वाटतें. कारण ह्या रचनेची जात पाणिनीच्या शास्त्राशीं आश्चर्य वाटावें इतकी जुळते. शिवाय हा विषय नुसत्या कुतूहलाचा नाहीं. ज्या घरांत तान्हीं मुलें आहेत किंवा यावयाचीं आहेत, त्या घराशीं त्याचा प्रत्यक्ष संबंध आहे. तो शेवटीं सांगितला आहे.

ग्राहक म्हणजे कोण?

रक्तांतील पांढऱ्या पेशींमध्यें लिंफोसाइट नांवाचा एक वर्ग आहे. त्यांत मुख्य शाखा दोन. बी-पेशी हाडांच्या मगजांत तयार होतात. टी-पेशींचा जन्म तेथलाच, पण त्यांचें शिक्षण छातीच्या हाडामागें असलेल्या थायमस ग्रंथींत होतें. ह्या पेशींच्या पृष्ठभागावर परकी वस्तु धरून ठेवणारीं प्रथिनें असतात. इंग्रजींत त्यांस रिसेप्टर म्हणतात. ग्रह् धातूपासून झालेला ‘ग्राहक’ हा शब्द आपण त्यांसाठीं वापरूं. दुकानांत येणाऱ्या गिऱ्हाइकाशीं त्याचा संबंध नाहीं.

एकेका बी-पेशीवर असे सुमारें लाखभर ग्राहक असतात, आणि ते सारे एकाच साच्याचे असतात. शेजारच्या पेशीचा साचा निराळा, तिसरीचा आणखी निराळा. एखादा जंतु देहांत शिरला म्हणजे ह्या अफाट जमावांतील ज्या थोड्या पेशींच्या साच्यांत त्याचा एखादा भाग बसतो, तेवढ्याच पेशी जाग्या होतात, दुणावत जातात आणि त्यांची मोठी प्रजा तयार होते. लढाई संपल्यावर त्यांतील कांहीं पेशी मागें राहतात. देहाची स्मृति ती हीच. ही उपपत्ति ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञ फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट ह्यांनीं १९५७ सालीं मांडली. लस टोंचून आपण साधतों तें एवढेंच, कीं खरा शत्रु येण्यापूर्वीं योग्य पेशींना हांक मारून त्यांची प्रजा वाढवून ठेवावयाची.

परंतु इतके निरनिराळे साचे मुळांत घडतात कसे, हें मात्र बर्नेट ह्यांच्या उपपत्तींत आलेलें नव्हतें.

धातु, प्रत्यय आणि अनुबंध

त्याचें उत्तर जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा ह्यांनीं दिलें. स्वित्झर्लंडमधील बाझल येथें काम करीत असतां त्यांनीं व नोबुमिची होझुमी ह्यांनीं १९७६ सालीं दाखवून दिलें, कीं उंदराच्या गर्भांतील पेशींत प्रतिपिंडाच्या जनुकाचे तुकडे एकमेकांपासून दूर दूर असतात, आणि प्रतिपिंड करणाऱ्या पेशींत मात्र तेच तुकडे जवळ आलेले असतात. देहांतील प्रत्येक पेशींत जनुकांची पोथी अक्षरशः एकच असते, ह्या समजुतीला हा मोठाच धक्का होता. तोनेगावा ह्यांना १९८७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

हे तुकडे कसे असतात तें पाहूं. बी-पेशीच्या ग्राहकांत एक जड सांखळी व एक हलकी सांखळी अशा जोड्या असतात. जड सांखळीचें जनुक आपल्या चौदाव्या गुणसूत्रावर आहे. तेथें ‘व्ही’ जातीचे उपयोगी तुकडे सुमारें ४०, ‘डी’ जातीचे २३ आणि ‘जे’ जातीचे ६ आहेत. प्रत्येक जातींतील एकेक तुकडा निवडून जोडला तर ५,५२० निरनिराळ्या जुळण्या होतात. हलक्या सांखळीच्या अशाच तीनशेंहून अधिक जुळण्या होतात. दोहोंची सांगड घातली कीं संख्या सतरा लाखांवर जाते. पाणिनीनें प्रत्येक शब्दाची यादी दिली नाहीं. सुमारें २,००० धातु, त्यांना लागणारे प्रत्यय आणि जोडण्याचे नियम दिले, आणि तेवढ्यांतून न संपणारा शब्दसमूह निर्माण होण्याची सोय केली. देहानेंही तसेंच केलें आहे.

साम्य येथेंच संपत नाहीं. ज्यांनीं धातुपाठ घोकला आहे त्यांना आठवेल, कीं ‘कृ’ हा धातु तेथें ‘डुकृञ्’ अशा रूपानें येतो. त्यांतील ‘डु’ आणि ‘ञ्’ हे अनुबंध होत. कोणतें कार्य कोठें व्हावें तें सांगून ते लुप्त होतात. तयार शब्दांत त्यांचा मागमूस राहत नाहीं. जनुकाच्या प्रत्येक तुकड्याच्या कडेला अशींच खुणेचीं अक्षरें असतात. एक खूण सात अक्षरांची, दुसरी नऊ अक्षरांची, आणि दोहोंमध्यें बारा किंवा तेवीस अक्षरांचें अंतर. बारा अंतराच्या खुणेचा तुकडा तेवीस अंतराच्या तुकड्याशींच जोडला जावा, असा नियम आहे. त्यामुळें भलते तुकडे एकमेकांस चिकटत नाहींत. जोड झाला म्हणजे खुणा व मधला सारा मजकूर बहुधा कापला जाऊन त्याचें एक लहानसें कडें बनतें व बाजूस पडतें. ह्या टाकाऊ कड्याची आठवण वाचकांनीं ठेवावी. पुढें त्याचें काम आहे.

कापण्याचें काम करणारीं रॅग-१ व रॅग-२ हीं दोन जनुकें डेव्हिड शॅट्झ, मार्जोरी ओटिंजर व डेव्हिड बाल्टिमोर ह्यांनीं १९८९-९० मध्यें अमेरिकेंत शोधून काढलीं. जोडणीच्या ठिकाणीं दुसरें एक प्रथिन आपल्या मर्जीनें चार-दोन अक्षरें घालतें. संधींत आगम व्हावा तसा हा प्रकार. ह्या आगमामुळें सतरा लाखांची संख्या अब्जांच्याही पलीकडे जाते. पण त्यांत धोकाही आहे. छंदःशास्त्रांत जसे तीन तीन अक्षरांचे गण, तशी जनुकाची वाचना तीन तीन अक्षरांच्या गटांनीं होत असते. एखादें अक्षर अधिकउणें झालें, कीं पुढचे सारे गण मोडतात. म्हणून सरासरीनें तीनांतील दोन जोड फुकट जातात. तसें झालें तर पेशी दुसऱ्या गुणसूत्रावरील प्रतीवर पुन्हां प्रयत्न करते; तोही फसला तर ती मरून जाते.

जुळलेलें जनुक बोलूं कसें लागतें?

तुकडे जुळले म्हणजे सारें झालें असें मात्र नाहीं. पोथींत श्लोक असणें निराळें आणि तो योग्य वेळीं म्हटला जाणें निराळें. जनुकाचा मजकूर वाचला जाऊन त्याचें प्रथिन बनणें ह्यास शास्त्रज्ञ अभिव्यक्ति म्हणतात, आणि तिच्यावरील नियंत्रण हाच ह्या विषयाचा गाभा आहे.

प्रत्येक ‘व्ही’ तुकड्याच्या आधीं वाचन सुरू करण्याची एक जागा असते. तिला आरंभस्थान म्हणूं. तें एकटें फार दुबळें असतें. त्याला जोर देणारा उत्तेजक भाग ‘जे’ तुकडे आणि सांखळीचा स्थिर भाग ह्यांच्या मध्यें असतो. १९८३ सालीं कांहीं प्रयोगशाळांत हा उत्तेजक सांपडला. विषाणूंत असे भाग त्यापूर्वीं आढळले होते, परंतु प्राण्याच्या स्वतःच्या जनुकांत सांपडलेला हा पहिलाच. जड सांखळीचा सारा पट्टा दहा लाखांहून अधिक अक्षरांचा आहे. तुकडे विखुरलेले असतात तोंवर आरंभस्थान येथें आणि उत्तेजक तेथें, अशी स्थिति असते. मधला मजकूर कापला गेला, कीं निवडलेल्या तुकड्याचें आरंभस्थान उत्तेजकाच्या टप्प्यांत येतें आणि तें एकच जनुक जोरानें वाचलें जाऊं लागतें. वात ज्योतीजवळ आणली म्हणजे पेटते, तसें हें आहे. दूर राहिलेल्या इतर वाती तेल असूनही पेटत नाहींत.

दुसरें नियंत्रण ह्याहून सूक्ष्म आहे. आपल्याजवळ प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. दोनही प्रती बोलूं लागल्या तर एका पेशीवर दोन साच्यांचे ग्राहक येतील. मग एका साच्याला जंतु लागला म्हणून पेशी जागी व्हावयाची आणि दुसरा साचा नेमका आपल्याच देहाला धरणारा निघावयाचा, असा अनर्थ संभवतो. म्हणून जड सांखळी एकदां नीट तयार झाली, कीं ती पेशीच्या पृष्ठभागाजवळून आंत इशारा देते आणि रॅग जनुकें गप्प होतात. दुसऱ्या प्रतीला हात लागत नाहीं. पेशी कांहीं वेळ दुणावते. मग रॅग जनुकें पुन्हां जागीं होतात, हलकी सांखळी जुळते, आणि काम झालें कीं तीं पुन्हां बंद होतात. कात्री घरांत असावी, पण काम संपतांच ती पेटींत गेली पाहिजे, हा विवेक पेशी पाळते.

तिसरी युक्ति १९८० सालीं उघड झाली. पेशीवर बसलेला ग्राहक आणि रक्तांत सोडलेला प्रतिपिंड हीं एकाच जनुकाचीं दोन रूपें आहेत. जनुकाचा निरोप जरा लांब ठेवला तर प्रथिनाला शेंपटी येते आणि तें पेशीच्या भिंतींत रुतून बसतें. निरोप थोडा आधीं तोडला तर शेंपटीवांचून तें बाहेर पडतें. पेशी पहाऱ्यावर असते तोंवर पहिलें रूप चालतें. शत्रु ओळखून ती पूर्ण वाढली, कीं दुसरें रूप सुरू होतें आणि ती सेकंदास हजारों प्रतिपिंड सोडूं लागते.

तोच दिवा भलत्या ठिकाणीं

जी यंत्रणा जनुकें कापून जोडते, तिच्या हातून चूक झाली तर काय होतें? आयरिश शल्यवैद्य डेनिस बर्किट ह्यांनीं युगांडांतील लहान मुलांच्या जबड्यावर येणाऱ्या एका भयंकर गांठीचें वर्णन १९५८ सालीं केलें. हा बी-पेशींचा कर्करोग. १९८२ च्या सुमारास त्याचें मूळ सांपडलें. आठव्या गुणसूत्रावर ‘मिक’ नांवाचें जनुक आहे. पेशीनें दुणावावें असें तें सांगतें, पण वेळ पाहून आणि बेतानें. ह्या रुग्णांत तें जनुक तुटून बहुधा चौदाव्या गुणसूत्रावर जड सांखळीच्या उत्तेजकाशेजारीं जाऊन बसलेलें असतें. क्वचित् दुसऱ्या किंवा बाविसाव्या गुणसूत्रावरील हलक्या सांखळ्यांच्या जनुकांचा भाग तुटून ‘मिक’च्या शेजारीं येतो. ‘मिक’च्या मजकुरापेक्षां त्याचा शेजार बदलणें हेंच येथें घातक ठरतें. जो दिवा ग्राहकासाठीं अहोरात्र तेवावयाचा, त्याच्या उजेडांत दुणावण्याचा आदेश अखंड वाचला जातो.

प्लास्टिकच्या कोठडींतील मुलगा

अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत १९७१ सालीं डेव्हिड व्हेटर नांवाचा मुलगा जन्मास आला. त्याचा वडील भाऊ प्रतिकारशक्तीच्या अभावीं सात महिन्यांचा होऊन गेला होता, म्हणून डेव्हिडला जन्मतःच जंतुरहित प्लास्टिकच्या कोठडींत ठेवण्यांत आलें. तेथेंच तो वाढला व शिकला. १९८३ सालीं बहिणीच्या हाडांतील मगज त्याला देण्यांत आला. त्यांत एप्स्टाइन-बार नांवाचा विषाणु लपलेला होता. बर्किट ह्यांच्या गांठींतून १९६४ सालीं प्रथम सांपडला तो हाच. फेब्रुवारी १९८४ मध्यें, वयाच्या बाराव्या वर्षीं, डेव्हिड वारला. शेवटच्या थोड्या दिवसांत कोठडीबाहेर काढल्यावरच त्याच्या आईला त्याला उघड्या हातानें स्पर्श करतां आला.

ह्या रोगाचें कारण १९९३ सालीं समजलें. एक्स गुणसूत्रावरील एका ग्राहकाच्या जनुकांत तो दोष आहे. हा ग्राहक जंतूंना धरणारा नव्हे. पेशींनीं एकमेकींस पाठविलेले निरोप घेणाऱ्या सहा ग्राहकांत तो सामाईक भाग आहे. तो नसला म्हणजे ‘वाढ’ हा निरोप टी-पेशींपर्यंत पोंचत नाहीं आणि त्या तयारच होत नाहींत.

मग निरोगी जनुक बाहेरून घालावें, ही कल्पना साहजिक होती. पॅरिसच्या नेकर रुग्णालयांत आलें फिशर, मारिना काव्हात्सानो आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९९ पासून तें करून दाखविलें. एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर जनुक बसवून तें मुलांच्या मगजांतील पेशींत सोडलें. मुलें कोठडीबाहेर आलीं आणि इतर मुलांसारखीं वाढूं लागलीं. परंतु कांहीं वर्षांनीं पॅरिसमधील चौघांस आणि लंडनमधील एकास रक्ताचा कर्करोग झाला. त्यांतील एक मूल दगावलें. तपासांत दिसलें, कीं विषाणूच्या दोन टोंकांना असलेला जबर उत्तेजक बहुतेकांत ‘एल. एम. ओ. २’ नांवाच्या जनुकाजवळ जाऊन बसला होता आणि तें झोंपलेलें जनुक त्यानें जागें केलें होतें. बर्किट ह्यांच्या रुग्णांत निसर्गाच्या हातून झालेली चूक येथें उपचाराच्या पोटीं झाली.

शास्त्रज्ञांनीं काम सोडलें नाहीं. विषाणूच्या टोंकांवरील उत्तेजक काढून टाकून त्यांनीं जनुकाला एक सौम्य आरंभस्थान दिलें. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत अशा रीतीनें उपचार केलेल्या नऊ मुलांपैकीं आठ जिवंत होतीं. नववें मूल आधींच्याच संसर्गानें दगावलें होतें, आणि कोणालाही कर्करोग झालेला नव्हता.

आपल्या प्रांताचाही ह्या विद्येशीं संबंध आला आहे. पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था व मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय ह्यांच्या प्रयत्नांतून ‘नेक्सकार-१९’ हा उपचार सिद्ध झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें त्याला सरकारी मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी घेऊन त्यांत कृत्रिम ग्राहकाचें जनुक घालावयाचें, आणि बिघडलेल्या बी-पेशी त्यांच्याकडून ओळखवून मारावयाच्या, अशी ही योजना आहे. तिला आधार मिळाला तो वर सांगितलेल्या ज्ञानाचाच.

घरांतील माणसांनीं काय करावें?

आतां आरंभीं सांगितलेल्या संबंधाकडे येऊं. डेव्हिडला झालेला रोग विरळा आहे, पण तो अमेरिकेपुरता नाहीं. मुलग्याला एक्स गुणसूत्र एकच, आणि तें आईकडून येतें. आईजवळ दोन असतात. मेरी लायन ह्या इंग्रज विदुषीनें १९६१ सालीं मांडल्याप्रमाणें स्त्रीच्या प्रत्येक पेशींत त्यांतील एक मिटलेलें असतें. ज्या स्त्रीचें एक जनुक सदोष आहे, तिच्या देहांत चांगलें गुणसूत्र मिटलेल्या टी-पेशी वाढतच नाहींत. उरतात त्या सर्व चांगल्या. म्हणून ती स्वतः पूर्ण निरोगी असते. तिच्या प्रत्येक मुलग्याला मात्र हा रोग होण्याचा संभव निम्मा. रॅग जनुकांच्या दोषानें होणारा असाच रोग मुलगा-मुलगी दोघांसही होतो. तो आईबाप दोघांकडून यावा लागतो, आणि मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची चाल ज्या घराण्यांत आहे तेथें त्याचा संभव वाढतो.

असें असतां मुलगे वाचत नाहींत म्हणून सुनेला पांढऱ्या पायाची म्हणणें हें अज्ञान तर आहेच, पण क्रौर्यही आहे. त्या आईनें कांहीं खाल्लें, कांहीं केलें किंवा कांहीं चुकविलें म्हणून हें घडत नाहीं. शिवाय बोल लागेल ह्या भयानें माहेरची हकीकत झांकून ठेवली जाते, आणि तीच हकीकत पुढच्या बाळाचा जीव वाचविणारी असते. आपल्याकडे क्षयाची बी. सी. जी. लस जन्मल्यावर लगेच टोंचतात आणि पोलिओचे थेंबही तेव्हांच देतात. ह्या जिवंत लसी आहेत. सर्व निरोगी मुलांना त्या वेळेवर दिल्याच पाहिजेत. परंतु टी-पेशी नसलेल्या बाळाला त्याच घातक होऊं शकतात. आईचे भाऊ, मामा किंवा आधींचे मुलगे तान्हेपणींच जंतुसंसर्गानें गेले असतील, तर तें डॉक्टरांना लसीपूर्वीं सांगावयास हवें. तान्ह्या मुलाच्या तोंडांतील पांढरा बुरा हटेना, जुलाब थांबेनात, न्यूमोनिया पुन्हां पुन्हां होऊं लागला, वजन वाढेना, तर रक्तांतील लिंफोसाइटांची संख्या पाहण्याचा आग्रह धरावा. तिला साधी रक्ततपासणी पुरते. संसर्ग होण्यापूर्वीं, पहिल्या साडेतीन महिन्यांच्या आंत, मगजाचें रोपण झालें तर शंभरांतील नव्वदांहून अधिक मुलें वांचतात, असा अमेरिकेंतील अनुभव आहे.

तेथें २००८ सालीं विस्कॉन्सिन प्रांतानें प्रत्येक नवजात बालकाची ह्या रोगासाठीं तपासणी सुरू केली, आणि दहा वर्षांत ती सर्व प्रांतांत पसरली. टांचेला सुई टोंचून रक्ताचा एक थेंब कागदावर घेतात, आणि मोजतात काय, तर मघाशीं सांगितलेलीं टाकाऊ कडीं. टी-पेशीच्या ग्राहकाचे तुकडे जुळतांना गळून पडलेलीं हीं कडीं थेंबांत पुरेशीं असलीं, तर जुळणीचें काम चालू आहे असें समजतें. नसलीं, तर बाळाला लगेच वेगळें ठेवून उपचार सुरू करतां येतात. आपल्याकडे ही तपासणी अजून सर्वत्र होत नाहीं. तोंवर जें काम हा रक्ताचा थेंब करतो, त्यांतील थोडें तरी घरांतील वृद्धांच्या आठवणींनीं करावयाचें आहे. सून गरोदर असतांनाच दोन्ही घरच्या आज्यांना एकत्र बसवावें, कोणाचीं कोणतीं मुलें कोणत्या वयांत आणि कशानें गेलीं तें कोणालाही बोल न लावतां विचारावें, कागदावर उतरून घ्यावें, आणि तो कागद बाळंतपणाच्या वेळीं डॉक्टरांच्या हातीं द्यावा.